शेवटच्या वर्षाचं नाटक: प्रश्नापासून प्रयोगापर्यंत

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून नाटक बसवायचं ठरलं की पहिल्या बैठकीत दोन प्रश्न हटकून निघतात: कोणतं नाटक घ्यायचं आणि कोणाला कोणती भूमिका द्यायची. त्यांच्याआधी विचारायचा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. हे नाटक करून आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे? गॅदरिंगच्या नाटकाला या प्रश्नावाचून चालतं, स्पर्धेच्या एकांकिकेलाही चालून जातं. प्रकल्पाला मात्र चालत नाही, कारण प्रकल्पात प्रयोगाबरोबर त्यामागचा विचारही तपासला जातो. पुढे बेंगळुरूतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी जे लिहिलं आहे ते या एका प्रश्नाला धरूनच आहे.

बेंगळुरूत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे, आणि नाटक हा पदवीचा विषय म्हणून घेण्याची सोयही इथे आहे. ख्राइस्ट विद्यापीठात नाट्य हा विषय बी.ए.ला घेता येतो. बेंगळुरू विद्यापीठात प्रयोगकलांचा विभाग आहे आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या इथल्या केंद्रात एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. ‘शेवटचं वर्ष’ कोणतं, हे मात्र आपापल्या संस्थेत नीट विचारून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी कर्नाटकाने २०२१मध्ये सुरू केली आणि २०२४मध्ये राज्याच्या विद्यापीठांत पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांची व्यवस्था वेगळी असू शकते. तुमचा प्रकल्प सहाव्या सत्रात येतो की आठव्या, त्याला किती श्रेयांक आहेत आणि गुणांपैकी किती प्रयोगाला, किती अहवालाला, किती तोंडी परीक्षेला, हे लेखी हातात घेतल्याशिवाय पहिलं वाचनही ठेवू नका.

आधी प्रश्न, मग संहिता

प्रश्न एका वाक्यात मांडता आला पाहिजे आणि त्याचं उत्तर रंगमंचावर करून पाहण्यासारखं असलं पाहिजे. ‘स्त्रियांवरचा अन्याय दाखवणे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘बोलू न दिलेल्या पात्राचं मौन प्रेक्षकाला ऐकू कसं येईल?’ हा प्रश्न झाला. त्यावर तालमीत चार वेगवेगळे उपाय करून पाहता येतात आणि कोणता लागू पडला, हे नोंदवता येतं.

‘घाशीराम कोतवाल’चं उदाहरण घ्या. १९७२ साली पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केलेल्या, जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या प्रयोगात बारा ब्राह्मणांची रांगच पडदा झाली, भिंत झाली, गर्दी झाली. नेपथ्याचं काम माणसांच्या शरीरांनी केलं. शेवटच्या वर्षाच्या गटाला यातून मोठा प्रश्न मिळतो: मंचावर एकही लेव्हल (उंचवटा) न ठेवता, फक्त नटांच्या रचनेतून जागा बदलल्याचं प्रेक्षकाला पटवता येईल का? हा प्रश्न हाती धरून तेच नाटक करायला हवं असं नाही. आठ जणांचा गट असेल तर बारा जणांची रांग मुळात उभीच राहणार नाही. प्रश्न तोच ठेवून लहान संहिता शोधता येते.

प्रश्न ठरला की पुढचे वाद लवकर मिटतात. महागडं नेपथ्य हवं की नको, गाणी ठेवायची की काढायची, दोन पात्रं एकाच नटाला द्यायची का, अशा प्रत्येक वेळी एकच विचारायचं: यातून आपला प्रश्न पुढे जातो का? जात नसेल तर ती गोष्ट कितीही आवडली तरी सोडून द्यावी.

संहिता पक्की करण्यापूर्वी ती सगळ्यांनी मिळून एकदा मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. मनात वाचून लांबीचा अंदाज चुकतो. वाचनाला पन्नास मिनिटं लागली तर हालचाली, शांतता आणि प्रसंगबदल धरून प्रयोग तासाच्या पुढे जाईल. विद्यार्थी गटाला तासाभराचं नाटक पुरेसं आहे. दोन अंकांचं नाटक अर्धंमुर्धं बसवण्यापेक्षा तासाभराचं पुरतं बसवलेलं केव्हाही चांगलं.

हक्कांचा हिशेब पहिल्या आठवड्यात

परवानगीचं काम शेवटावर ढकललं तर प्रयोगच अडतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२मध्ये शिक्षणसंस्थांना एक सवलत आहे. संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून तिथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक केलं आणि प्रेक्षक फक्त संस्थेचे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं, बाहेरच्या महोत्सवात प्रयोग केला किंवा चित्रफीत यूट्यूबवर टाकली की ही सवलत संपली असं समजा. म्हणून प्रयोग कोणासाठी आहे, हे आधी ठरवा.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क टिकतात, आणि ही मुदत त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली आहेत. मामा वरेरकर १९६४ साली गेले, त्यांची नाटकं २०२५च्या सुरुवातीला मोकळी झाली. आचार्य अत्रे १९६९चे, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबावं लागेल. विजय तेंडुलकर २००८ साली आणि गिरीश कार्नाड २०१९ साली गेले, तेव्हा त्यांच्या नाटकांना परवानगी लागणारच.

अनुवादात बरेच गट फसतात. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकाच्या हक्कापेक्षा वेगळा असतो. कार्नाडांचं ‘हयवदन’ मराठीत चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं. खानोलकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांच्या अनुवादाचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे, आणि मूळ नाटकाचा त्याहून कितीतरी पुढे. तिथे दोन्हींकडची परवानगी हवी. ब्रेश्ट १९५६ साली गेला, त्याची मूळ जर्मन नाटकं भारतात आता मोकळी आहेत, पण त्याच्या नाटकावर बेतलेलं पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ मोकळं नाही.

परवानगीचं पत्र प्रकाशकामार्फत पाठवा. त्यात संस्थेचं नाव, प्रयोगाची तारीख आणि जागा, प्रयोगांची संख्या, प्रेक्षक कोण, तिकीट आहे की नाही आणि संहितेत काटछाट करणार असाल तर कुठे, हे सगळं स्पष्ट लिहा. काटछाटीची परवानगी वेगळी मागावी लागते. लेखक हयात असेल तर तुमचा एका वाक्यातला प्रश्नही पत्रात लिहा. नाटक का निवडलं, हे लेखकाला कळायलाच हवं.

भाषा: अडचण समजू नका

बेंगळुरूच्या वर्गात कन्नड, मल्याळम, तमिळ, हिंदी, मराठी, तुळू अशा घरांतली मुलं एकत्र बसतात. त्यामुळे ‘सगळ्यांना कळेल म्हणून इंग्रजीत करू’ हा निर्णय आपसूक घेतला जातो. तो घ्यायचा असेल तर विचार करून घ्या. अनेकदा नटाचा आवाज त्याच्या घरच्या भाषेत मोकळा होतो आणि दुसऱ्या भाषेत अर्धाच राहतो.

या शहराला दोन भाषांच्या नाटकाची जुनी ओळख आहे. टी. पी. कैलासम यांच्या कन्नड नाटकांतली शिकलेली माणसं कन्नड आणि इंग्रजी यांची सरमिसळ करून बोलतात. १९१८च्या ‘टोळ्ळु गट्टि’पासून त्यांनी ती बोली रंगमंचावर आणली. कैलासम १९४६ साली गेले, म्हणून त्यांची मूळ नाटकं हक्कमुक्त आहेत. मराठी आणि कन्नड रंगभूमीचं नातं तर त्याहून जुनं आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यामागे कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. कार्नाडांचा जन्म माथेरानचा, मातृभाषा कोंकणी, लेखन कन्नडमध्ये. आणि त्यांचं ‘तुघलक’ मराठीत आणलं ते तेंडुलकरांनी. रंगकर्मी शंकर नाग आणि अरुंधती नाग ही दोघंही मुंबईच्या रंगभूमीवर घडली आणि मग बेंगळुरूची झाली. एवढं सगळं मागे असताना मराठी विद्यार्थ्याने आपली भाषा बाजूला ठेवून नाटक करायचं काही कारण नाही.

दोन भाषांत काम करायचं तर वाटणी अर्थपूर्ण हवी. घरातलं बोलणं एका भाषेत आणि कचेरीतलं दुसऱ्या भाषेत, किंवा खरं बोलताना एक भाषा आणि खोटं बोलताना दुसरी, असा काही नियम ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. वाक्य एका भाषेत बोलून लगेच दुसरीत त्याचा अर्थ सांगणं टाळा, नाटकाची लय तुटते. वर पडद्यावर भाषांतर दाखवायचं असेल तर प्रत्येक ओळ लहान ठेवा आणि ते चालवणारा माणूस पहिल्या सलग तालमीपासून हजर ठेवा. नटाने विराम घेतला की ओळही थांबली पाहिजे. हे यंत्रावर सोडण्यासारखं काम नाही. कन्नड संवाद असतील तर उच्चार तपासायला कन्नड घरातला सहकारी शेजारी बसवा. ज्या शहरात प्रयोग करतो त्याची भाषा नीट बोलणं हा पाहुण्याचा धर्म आहे.

तारखेपासून मागे मोजा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तासांचं काम. प्रकल्प चार श्रेयांकांचा असेल तर हातात १२० तास आहेत. तासाभराच्या नाटकासाठी त्यांची वाटणी मी अशी सुचवेन: वाचन आणि चर्चेला १५ तास, हालचाली बसवायला ३५, एकेका प्रसंगावर बारकाईने काम करायला ३५, सलग तालमींना २०, तांत्रिक आणि रंगीत तालमीला १५. आठवड्याला ९ तास मिळाले तर याला १३ ते १४ आठवडे लागतात. परीक्षा, सुट्ट्या आणि आजारपणं धरून दोन आठवडे वर ठेवा.

प्रयोगाची तारीख कॅलेंडरवर लिहून मागे मोजत या. संवाद पाठ होण्याची तारीख प्रयोगाआधी किमान चार आठवडे असावी. संहिता हातात असेपर्यंत नट समोरच्याकडे पाहत नाही, आणि समोरच्याकडे पाहिल्याशिवाय अभिनय सुरू होत नाही. पहिली सलग तालीम तीन आठवडे आधी ठेवा. ती वाईटच होईल, त्यासाठीच ती लवकर हवी. प्रकाश आणि ध्वनीची तांत्रिक तालीम वेगळ्या दिवशी घ्या. त्या दिवशी नटांनी अभिनय करायचा नाही, प्रत्येक क्यूवर थांबायचं. रंगीत तालीम कपडेपट, रंगभूषा आणि सामानासकट, मध्ये न थांबता. दिग्दर्शकाने त्या दिवशी आवाज न करता फक्त टिपणं काढावीत.

बेंगळुरूत अंतराचाही हिशेब ठेवावा लागतो. कोणी इलेक्ट्रॉनिक सिटीकडून येणार, कोणी येलहंक्याकडून. संध्याकाळी सातची तालीम म्हणजे काहींचा दीड तास रस्त्यात. तालीम कॉलेजच्या वेळेला लागूनच ठेवा आणि प्रसंगानुसार बोलवा. ज्याचा प्रसंग नाही त्याला तीन तास बसवून ठेवू नका. रात्री उशीर झाला तर कोण कोणासोबत जाणार, हे निघण्यापूर्वी ठरलेलं असावं.

जागा निवडताना

जे. पी. नगरचं रंगशंकरा हे नाट्यगृह २००४ साली सुरू झालं. सुमारे ३२० आसनं आणि प्रेक्षकांत पुढे आलेला रंगमंच. वेळेवर नाटक सुरू होतं आणि नंतर कोणालाही आत सोडत नाहीत. ही शिस्त आपल्या प्रयोगालाही लावून घ्या. तिथे तीन-चार नाटकं पाहून मगच स्वतःची जागा ठरवा. टागोरांच्या जन्मशताब्दीनिमित्त उभारलेलं रवींद्र कलाक्षेत्र बरंच मोठं, चौकटीच्या रंगमंचाचं. तिथे कॉलेजच्या नटांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायला वेगळी मेहनत लागते. व्हाइटफील्डचं जागृती लहान आणि जवळिकीचं. अशा नाट्यगृहांच्या तारखा फार आधी लागतात, म्हणून पहिल्या प्रयोगासाठी कॉलेजचीच जागा धरावी असं मला वाटतं. तालीम आणि प्रयोग एकाच ठिकाणी होणं ही विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी सोय आहे.

कॉलेजचा सेमिनार हॉल वापरणार असाल तर आधी रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून आवाज किती घुमतो, पाहा. मागे आणि बाजूंना जाड काळं कापड लावलं की घुमणं कमी होतं. जमिनीवर रंगीत टेपने रंगमंचाची खरी मापं आखा आणि पहिल्या दिवसापासून त्यातच हाला. विजेचा भार संस्थेच्या वायरमनकडून तपासून घ्या. हजार वॉटचा एक जुना स्पॉट साधारण साडेचार ॲम्पियर घेतो. भिंतीवरच्या १६ ॲम्पियरच्या एका सॉकेटवर असे तीन लावले की मर्यादा आलीच. एलईडी दिवे पुष्कळ कमी वीज घेतात आणि फारसे तापत नाहीत. मंचावर खरी ज्योत शक्यतो नकोच. असेल तर विंगेत अग्निशामक आणि तो वापरता येणारा माणूस हवा. दारांसमोर खुर्च्या लावू नका.

उघड्यावर प्रयोग करायचा तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथे संध्याकाळचा पाऊस जोराचा असतो, म्हणून बंदिस्त पर्यायी जागा राखून ठेवा. आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा सुरुवातीची वेळ त्यानुसार लावा.

पडद्यामागचाही प्रकल्प असतो

विद्यार्थी नाटकात सर्वांत जास्त अन्याय होतो तो मागे काम करणाऱ्यांवर. प्रकल्पात हे चालणार नाही, कारण गुण त्यांनाही मिळवायचे आहेत. मुख्य प्रश्नातून प्रत्येकाने आपला एक उपप्रश्न काढावा. मौनाचं उदाहरण पुढे नेलं तर प्रकाशयोजनाकाराचा प्रश्न असा होईल: न बोलणाऱ्या पात्राकडे प्रेक्षकाची नजर प्रकाशाने कशी वळवावी? ध्वनीवाल्याचा: कोणते आवाज काढून घेतले की शांतता जाणवते? वेशभूषाकाराचा: पात्र बोलत नसताना त्याचे कपडे काय सांगतात? असं झालं की कोणीच ‘मदतीला’ उरत नाही.

रंगमंच व्यवस्थापक पहिल्याच दिवशी नेमा आणि तो किंवा ती नट असू नये. तालमीचं वेळापत्रक, हजेरी, हालचालींची नोंद, सामानाची यादी आणि प्रयोगाच्या रात्री प्रत्येक क्यू देणं ही कामं त्याची. तिसरी घंटा झाली की प्रयोग त्याच्या हाती, दिग्दर्शकाच्या नव्हे. खर्चाचं वहीखातं दुसऱ्या कोणाकडे द्या, प्रत्येक पावती ठेवा आणि एकूण रकमेचा दहावा भाग अडीअडचणीसाठी बाजूला काढून मगच उरलेली वाटा.

मारहाण, जवळीक किंवा अत्याचाराचे प्रसंग असतील तर ते नृत्यासारखे पायरीपायरीने बसवा. कुठे हात लागेल, किती वेळ, कधी सुटेल, हे बोलून ठरवा आणि लिहून ठेवा. अशी तालीम कधीही दोघांतच घेऊ नका, व्यवस्थापक हजर असावा. कोणत्याही नटाला ‘हे नको’ म्हणता आलं पाहिजे आणि त्याचा गुणांवर परिणाम होता कामा नये. संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीची माहिती तालमीच्या जागी लावलेली असावी. हे मार्गदर्शक शिक्षकांनी स्वतः पाहायचं काम आहे.

वही हा अर्धा प्रकल्प

पुण्यात १९६३पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने मराठी रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्या कलावंत दिले. आपल्याकडच्या कॉलेज नाटकाची घडण त्या स्पर्धेतून झाली आणि तिचं ऋण मोठं आहे. पण स्पर्धेत परीक्षक समोर घडलेला प्रयोग पाहतात. प्रकल्पाचे परीक्षक तिथवर तुम्ही कसे पोचलात, हेही विचारतात. म्हणून रोजच्या तालमीनंतर पंधरा मिनिटं लिहायला ठेवा: आज काय करून पाहिलं, काय टिकलं, काय टाकलं आणि का. दोन महिन्यांनी आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

अहवालासोबत पुढच्या गोष्टी जोडा: हालचालींची नोंद असलेली प्रयोगप्रत, मापासकट मंचाचा आराखडा, प्रकाश आणि ध्वनीच्या क्यूंची यादी, वेशभूषेची रेखाटनं, खर्चाचा तक्ता, परवानगीची पत्रं आणि एका स्थिर कॅमेऱ्याने घेतलेलं सलग चित्रण. प्रेक्षकांचं मत विचारताना ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘कोणता क्षण लक्षात राहिला? कुठे गोंधळ झाला?’ असं विचारा. या दोन उत्तरांवरून तुमच्या मूळ प्रश्नाचं काय झालं, हे कळतं.

तोंडी परीक्षेत यशाची यादी वाचून दाखवू नका. प्रश्न सांगा, केलेले प्रयत्न सांगा, आणि जे जमलं नाही ते का जमलं नाही, याचं कारण द्या. एखादा उपाय फसला आणि तो का फसला, हे तुम्हाला नीट सांगता आलं, तर प्रकल्प यशस्वी झाला असंच मी म्हणेन.

प्रयोगानंतर

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून मंच उतरवा. उसनं आणलेलं सामान यादी पाहून परत करा, परवानगी देणाऱ्यांना आणि मदत करणाऱ्यांना पत्र लिहा. आठवड्याभराने पुन्हा एकत्र बसून चित्रण पाहा. नाटक पुढे न्यायची इच्छा असेल तर मुंबईचा थेस्पो हा पंचविशीच्या आतल्यांचा महोत्सव १९९९पासून चालू आहे. इथल्या कन्नड आणि इंग्रजी नाट्यसंस्थांच्या तालमींना जा, मिळेल ते काम हाती घ्या. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या ठिकाणी मराठी प्रेक्षकांसमोर प्रयोग करता येईल का, याची चौकशी करा. मात्र यांपैकी काहीही करण्यापूर्वी परवानगीची पत्रं नव्याने घ्या, कारण आता प्रेक्षक कॉलेजबाहेरचे असतील.

आणि तुमची वही विभागाच्या ग्रंथालयात ठेवण्याची विनंती करा. पुढच्या वर्षीच्या गटाला तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करता येईल आणि तुम्ही जिथे अडलात त्याच्या पुढे जाता येईल. एका वर्गाचं काम दुसऱ्या वर्गाच्या हाती असं देत गेलं तरच कॉलेजात नाटकाची परंपरा उभी राहते.